लेस्टरची निवडणूक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण. काही भगिनींनी ते लेखी मागितले, म्हणून थोडे नीटनेटके करून येथे दिले आहे.)



आपल्या चिटणीसबाईंनी मला निरोप धाडला की, तुम्ही विलायतेला जाऊन आलात, तेव्हा वर्धापनदिनाला तिकडचे काही सांगा. मी आधी कचरलेच. कारण मी पाहिले काय, तर एक दिवस लंडन आणि बाकीचे पाच महिने मुलीचे स्वयंपाकघर. २०२३ च्या फेब्रुवारीत मी तिच्या बाळंतपणासाठी गेले ती जुलैत परत आले. डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, दुपटी वाळत घालणे, हेच माझे विलायत. पण त्या पाच महिन्यांत मी शेजारच्या खिडकीतून डोकवावे तशी एक गोष्ट पाहिली, आणि ती मनातून जात नाही. ती म्हणजे त्या शहराच्या काउन्सिलची निवडणूक. काउन्सिल म्हणजे आपल्याकडची महानगरपालिकाच समजा.

मुलगी राहते ते शहर लेस्टर. इंग्लंडच्या साधारण मध्यावर आहे. २०२१ च्या शिरगणतीत वस्ती तीन लाख अडुसष्ट हजारांच्या घरात भरली, आणि त्यांपैकी शेकडा त्रेचाळीस लोक आशियाई वंशाचे. गोऱ्या लोकांचे प्रमाण त्याहून थोडे कमीच, शेकडा एक्केचाळीस. बेलग्रेव्ह रोडवर गेले की साड्यांची दुकाने, सोनाराच्या पेढ्या, फरसाण, पानसुद्धा मिळते. पूर्वी हे शहर पायमोजे, विणकामाचे कपडे आणि बूट यांच्या कारखान्यांसाठी नावाजलेले होते. आणखी एक गंमत सांगते. त्यांचा तिसरा रिचर्ड नावाचा राजा पाचशे वर्षांपूर्वी लढाईत पडला होता. त्याचा सांगाडा २०१२ साली सापडला, तो कुठे? तर काउन्सिलच्या मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली! राजा खाली आणि कारकुनांच्या मोटारी वर.

तर एप्रिल उजाडला. दाराला पत्रे टाकायची फट असते, तिच्यातून रोज एखादे चिटोरे आत पडू लागले. लाल, निळे, पिवळे, हिरवे. लाल म्हणजे मजूर पक्ष, निळा हुजूर पक्ष, पिवळा लिबरल डेमोक्रॅट आणि हिरवा तो नावाप्रमाणेच हरित पक्ष. मी वाट पाहत होते की आता कर्णे लावलेल्या गाड्या येतील, मिरवणूक निघेल. काही नाही. दोन-तीन माणसे संध्याकाळी घंटी वाजवून दारातच उभी राहत, हातातल्या यादीवर खूण करीत, आणि "आपल्या काही अडचणी?" असे विचारून जात. एकदा दार मी उघडले. ती बाई मला रस्त्यावरचे दिवे आणि कचऱ्याच्या नारिंगी पिशव्या यांविषयी इतक्या आस्थेने विचारू लागली की, मी पाहुणी आहे, माझे इथे मत नाही, हे सांगायला मला संकोच वाटला.

दुकानांच्या काचांवर मात्र पाहावे तिकडे झेंड्यांच्या माळा. मला वाटले निवडणुकीच्याच. मुलगी हसली. म्हणाली, "आई, त्या राजाच्या राज्यारोहणाच्या आहेत." मतदान ४ मे रोजी, गुरुवारी, आणि राज्यारोहण ६ मे रोजी, शनिवारी. त्यामुळे बिचारी निवडणूक राजाच्या मांडवाखाली झाकली गेली होती.

आता हे काउन्सिल करते काय? भगिनींनो, मी यादी ऐकली तेव्हा मला वाटले, हे तर आपलेच कामकाज. केरकचरा, दिवे, वाचनालये, मुलांच्या शाळा, बागा, गरिबांना भाड्याने द्यायची घरे, आणि सर्वांत खर्चाचे काम म्हणजे म्हाताऱ्या, अपंग माणसांची आणि निराधार मुलांची देखभाल. घरी एकट्या असलेल्या वृद्धेला सकाळी उठवून अंघोळ घालायला कोणी बाई पाठवायची की नाही, हे काउन्सिल ठरवते. त्यासाठी प्रत्येक घराच्या किमतीप्रमाणे प्रतवारी लावून कर घेतात. १९९७ पासून लेस्टरमध्ये ही सगळी कामे एकाच काउन्सिलकडे आहेत.

काउन्सिलचे सभासद चौपन्न, वॉर्ड एकवीस. कोठे दोन सभासद, कोठे तीन. जितके सभासद तितकी मते द्यायची. शिवाय शहराचा कारभार चालवणारा महापौर तिथे लोक थेट निवडतात. त्याची मतपत्रिका वेगळी. २०११ पासून त्या जागेवर पीटर सोल्सबी हे मजूर पक्षाचे गृहस्थ होते. दुसरे एक पद लॉर्ड मेयरचे. ते मानाचे, गळ्यात सोन्याची साखळी घालून समारंभाला जाण्याचे, वर्षावर्षाने बदलणारे. त्या मानाच्या खुर्चीवर १९४१ साली एलिझाबेथ फ्रिस्बी या पहिल्या बाई बसल्या, आणि २००८ साली आपल्या लुधियान्याच्या मंजुळा सूद. त्यांचे यजमान सभासद होते. १९९६ साली ते वारले आणि त्यांच्या जागेवर बाई निवडून आल्या. आशियाई वंशाच्या स्त्रीला असा मान सबंध ब्रिटनमध्ये तो पहिलाच. आणि हे राखीव जागेशिवाय बरे का! आपल्यासारख्या निम्म्या जागा बायकांना, असा कायदा तिथे नाही.

बायकांना मताचा हक्कसुद्धा तिथे हप्त्याहप्त्याने मिळाला. १८६९ साली नगरपालिकेच्या निवडणुकीत कर भरणाऱ्या बायकांना मत मिळाले, पण तीन वर्षांतच न्यायालयाने ठरवले की ते बिनलग्नाच्या आणि विधवा बायकांपुरतेच. लग्न झाले की गेले. काउन्सिलवर निवडून जाण्याची परवानगी मिळाली १९०७ साली. तिथल्या बाजाराजवळच्या चौकात अ‍ॅलिस हॉकिन्स यांचा पुतळा आहे. बुटांच्या कारखान्यात यंत्रावर शिवण घालणारी बाई. मताच्या हक्कासाठी पाच वेळा तुरुंगात गेली. पुतळा उभारला २०१८ साली. मी बाळाची गाडी घेऊन भाजी आणायला जाई तेव्हा त्या पुतळ्यापाशी घटकाभर थांबत असे.

पण पुतळ्यांपेक्षा मला ज्यांनी शिकवले त्या आमच्या शेजारीणबाई. गुजराती. वय पंचाहत्तरीच्या पुढे. सगळी गल्ली त्यांना 'बा' म्हणे, मीही बाच म्हणू लागले. त्या मला बेन म्हणत. अर्धे गुजराती, अर्धे हिंदी असे आमचे संभाषण चाले. बाळंतिणीसाठी त्यांनी करून आणलेल्या सुंठीच्या राबेचे उपकार मी विसरणार नाही.

माझी मुलगी मत द्यायला तयार नव्हती. तिचा पासपोर्ट भारताचा. पण तिथे असा नियम आहे की, राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक रीतसर परवान्याने राहत असला की त्याला मताचा हक्क मिळतो. तिचे नाव यादीत होते, घरी मतदानाचे कार्डही आले होते. ते कार्ड तिने फ्रिजवर लोहचुंबकाखाली अडकवून ठेवले आणि वर दूधवाल्याचा हिशेब लावावा तशी बाळाच्या लशींची तारीख लावली. मी म्हटले, "अगं, देणार ना मत?" तर म्हणे, "आई, आपण इथे पाहुणे. आज आहोत, उद्या नाही. त्यांचे शहर, ते बघतील." नुकती बाळंतीण, झोप नाही, मी तरी काय बोलणार?

हे बांच्या कानावर गेले. त्या संध्याकाळी आल्या, बाळाला मांडीवर घेतले, आणि आपली हकीकत सांगू लागल्या.

ती अशी. त्या युगांडात, कंपालाला, सुखवस्तू घरात होत्या. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने हुकूम काढला की, आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. ब्रिटिश पासपोर्ट असलेले अठ्ठावीस हजारांच्या आसपास लोक ब्रिटनला आले. बांचे दीर आधीच लेस्टरला होते, तेव्हा तिथेच जायचे ठरले. इतक्यात, सप्टेंबरात, युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली. कोणाची? तर लेस्टरच्या काउन्सिलची! आमच्याकडे घरे नाहीत, शाळांत जागा नाही, तरी तुमच्या हितासाठी सांगतो, लेस्टरला येऊ नका, असा तिचा आशय. बा म्हणाल्या, "बेन, मला तर त्या गावाचे नाव नीट उच्चारताही येत नव्हते. पण ज्या अर्थी एवढे पैसे खर्चून नको म्हणतात, त्या अर्थी आपली माणसे तिथे असणार!" आणि त्या आल्या. त्यांच्यासारखी हजारो माणसे आली. आधी लष्कराच्या रिकाम्या छावणीत थंडीत काढले, मग यजमान मोज्यांच्या कारखान्यात लागले, बा घरी शिवणयंत्रावर.

बांनी पहिले मत दिले १९७६ साली. त्या वर्षी आशियाई लोकांना देशाबाहेर घालवा म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंट पक्षाने लेस्टरमध्ये उमेदवार उभे केले होते, आणि त्यांना शेकडा अठराच्या वर मते पडली. जागा एकही मिळाली नाही. बा सांगत होत्या, "पोर पाठीशी बांधून मी रांगेत उभी राहिले. पुढे-मागे कोण उभे आहे, आपल्याला घालवा म्हणणारा की राहा म्हणणारा, कळत नव्हते. पाय लटपटत होते." मग माझ्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "दीकरी, तुला तर त्यांनी कार्ड घरी पाठवलेय."

मुलगी काही बोलली नाही. उठून तिने चहा टाकला.

तुम्ही म्हणाल, मग बांचे काय अडले होते? पण खरे कोडे त्यांच्याच पुढे होते. इतकी वर्षे त्यांनी मजूर पक्षालाच मत दिले. तसे सगळ्या शहरानेच दिले म्हणा ना. २०१९ च्या निवडणुकीत चौपन्नपैकी त्रेपन्न जागा मजूर पक्षाच्या होत्या. पण २०२३ साली त्या पक्षाने आपल्या एकोणीस बसलेल्या सभासदांना पुन्हा तिकीट दिले नाही. त्यांत आशियाई वंशाचे पुष्कळ. बांच्या ओळखीच्या एक सभासदबाई त्यांत होत्या. बांच्या यजमानांना अर्धांगवायू झाला तेव्हा घरी मदतनीस मिळावी म्हणून या बाई चार वेळा कचेरीत गेल्या होत्या. आता बांनी कोणाला मत द्यावे? पक्षाला की पक्षाने बाजूला सारलेल्या माणसाच्या बाजूने? काही जण दुसऱ्या पक्षातर्फे उभे राहिले, काही अपक्ष, काही घरी बसले. त्याआधीच्या सप्टेंबरात शहरात हिंदू-मुसलमान तरुणांत दंगा झाला होता, त्याचीही सल लोकांच्या मनात होती. आणि एकाच माणसाच्या हाती एवढी सत्ता असावी का, महापौरपद ठेवावे का, हाही वाद पेटला होता. कोणी म्हणे मजूर पक्षाने आम्हाला गृहीत धरले, कोणी म्हणे धर्मावर मते मागणे शहराला बुडवील. दोन्ही म्हणणारी माणसे एकाच वाण्याच्या दुकानात तूरडाळ घेत. मला स्वतःला वाटते की दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच बांना रात्री झोप लागत नव्हती.

मतदानाचा दिवस उजाडला. गुरुवार, सुट्टी नाही. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मतदान, म्हणजे कामावर जाणाऱ्यालाही सवड व्हावी. बा नऊ वाजता निघाल्या, सोबत त्यांची कॉलेजात जाणारी नात. आणि माझी मुलगी? मी पाहते तर केस विंचरून, कोट घालून दारात उभी! म्हणाली, "आई, बाळाला घे. मी आलेच." मी म्हटले, मी पण येते. बाळाला गाडीत घालून निघालो आम्ही सगळ्या.

मतदानाचे केंद्र एका सभागृहात. मी बाहेर थांबले. तिथे पोलीस नाही, दोरखंड नाही, गर्दी नाही. दोन कुत्री मात्र खांबाला बांधलेली. मालक आत मत द्यायला गेलेले. पक्षाच्या रंगाची फुले छातीला लावलेली दोन माणसे खुर्चीवर बसून बाहेर येणाऱ्याला यादीतला क्रमांक विचारीत होती. सांगितला तर ठीक, नाही सांगितला तरी ठीक. लाल फुलवाला आणि निळा फुलवाला एकाच थर्मासमधून चहा पीत होते, हे मी या डोळ्यांनी पाहिले.

इंग्लंडमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच फोटोचे ओळखपत्र सक्तीचे झाले होते. त्याआधी नुसते नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हाती देत. आपल्याला ऐकून आश्चर्य वाटेल! बांनी म्हाताऱ्यांचा बसचा पास दाखवला, तो चालला. नातीने कॉलेजचे कार्ड दाखवले, ते चालले नाही. फोटो त्यावरही होता. पोर लाल-पांढरी होऊन बाहेर आली. "आजीचा बसपास चालतो आणि माझे कार्ड नाही!" म्हणून रडवेली झाली. बा बाहेर येऊन एवढेच म्हणाल्या, "घरी पासपोर्ट आहे ना? जा." ती धावत गेली आणि आणून मत देऊन आली. पुढे त्यांच्या निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केले की, त्या दिवशी इंग्लंडभर सुमारे चौदा हजार माणसे ओळखपत्रावाचून परत गेली आणि मत देऊ शकली नाहीत. त्यांच्या घरी बा नसतील.

माझ्या मुलीचा भारतीय पासपोर्ट चालला. आत काय असते ते तिनेच सांगितले. शाई नाही, यंत्र नाही, शिक्का नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि नावापुढे फुली मारायची. उमेदवारांची नावे आडनावाच्या अक्षरक्रमाने. घडी करून पेटीत. बाहेर आली तेव्हा मी सवयीने तिचे बोट पाहिले. कोरेच! मला उगाच चुकल्यासारखे वाटले.

परत येताना मी बांना विचारले, "शेवटी कोणाला दिलेत?" त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "बेन, सत्तेचाळीस वर्षांत हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितले नाही." मी जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागले. त्या दिवशी देशभर हुजूर पक्षाचा धुव्वा उडाला होता. हजारावर जागा त्यांनी गमावल्या. आणि लेस्टरमध्ये उलटेच! जिथे २०१९ ला त्यांची एकही जागा नव्हती तिथे सतरा आल्या. मजूर पक्ष त्रेपन्नावरून एकतीसवर. हरित पक्ष तीन, लिबरल डेमोक्रॅट तीन. बहुमत मजूर पक्षाचेच राहिले, सोल्सबीही पुन्हा निवडून आले, पण त्यांच्या मतांचा वाटा पुष्कळ घटला. शहराच्या पूर्वेकडच्या, आपल्या लोकांच्या वस्तीत निळा रंग चढला. बांच्या घरी फोन खणखणत होते. कोणी पेढे वाटा म्हणत होते, कोणी हळहळत होते. बा बाळासाठी टोपी विणत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता तरी दोन्हीकडचे विचारायला येतील."

मग त्यांनी सुईवरून मान वर करून मला सहज विचारले, "बेन, तुमच्या पुण्यात तुमच्या वॉर्डाचे सभासद कोण?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता येईना. नाव आठवेना म्हणून नव्हे. पुण्यात तेव्हा नगरसेवक नव्हतेच! मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. वर्ष उलटून गेले होते, आणि खरे सांगते, ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. पाणी येत होते, कचऱ्याची गाडी येत होती, मी पोळ्या लाटत होते. बांना मी कसेबसे सांगितले की, निवडणूक लांबली आहे. "किती?" म्हणाल्या. मी म्हटले, ठाऊक नाही. त्यांनी पुढे काही विचारले नाही, पण ज्या नजरेने पाहिले ती नजर आपल्या नातीच्या कॉलेज-कार्डाकडे पाहतानाची होती.

ती लांबलेली निवडणूक अखेर १५ जानेवारी २०२६ ला झाली. जवळजवळ चार वर्षांनी. तुमच्यापैकी पुष्कळ जणी रांगेत भेटल्याच. आपल्याही प्रभागात एकाला चार मते, म्हणजे बांच्या वॉर्डापेक्षाही अधिक. मी घरी आल्यावर शाई लावलेल्या बोटाचा फोटो काढून मुलीला धाडला आणि लिहिले, बांना दाखव. संध्याकाळी फोन आला. बांचा आवाज आता बारीक झाला आहे. बोट पाहून खूष झाल्या. मग विचारतात, "चारही उमेदवार दारात आले होते का?"

मी म्हटले, "बा, दारात पत्रके आली."

"मग तुम्ही त्यांच्या दारात जा," म्हणाल्या, आणि फोन नातवाच्या हाती दिला. त्याला मला नवी बोली ऐकवायची होती. तो माझा नातू आता तीन वर्षांचा होत आला आहे, आणि बांनी त्याला शिकवलेले गुजराती माझ्या मराठीपेक्षा जास्त बोलतो.

पुढच्या मंगळवारी दुपारी चार वाजता मी आपल्या प्रभागातल्या चौघांपैकी दोन नगरसेविकांकडे जाणार आहे. मंडळाच्या वाचनालयामागच्या बंद पडलेल्या दिव्यांसाठी. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.